बांबूउडीच्या मॅटसाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

तालुक्याच्या मैदानावर पोल व्हॉल्ट, म्हणजे आपली बांबूउडी, शिकायला मुलं-मुली नेमाने येतात. शिकवणारे सर एके काळचे राज्यविजेते. निवृत्तीनंतर गावी आले आणि एक पैसाही न घेता शिकवतात. मुलं पोल घेऊन धावतात, लांब उडीच्या वाळूत उतरतात. सरावाची गाडी तिथेच अडली आहे, कारण उडीनंतर अंग टाकायची जाड, मऊ मॅट नाही, आणि मॅट आल्याशिवाय आडव्या दांडीवरून कुणालाही उडी मारू देणार नाही, असं सरांनी मंडळाला बजावलं आहे. ते बरोबरच आहे.

‘असले खेळ आपल्याकडे चालायचे नाहीत’ असं काही जण म्हणतात. त्यांना आम्ही अमेरिकेचे बांबूउडीपटू अर्ल बेल यांचं नाव सांगतो. १९७६ च्या मे महिन्यात त्यांनी ५.६७ मीटरचा जागतिक विक्रम केला. महिना व्हायच्या आत डेव्हिड रॉबर्ट्स यांनी तो मोडलासुद्धा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ५.६० मीटरवर कांस्यपदक, तेही फ्रान्सच्या खेळाडूबरोबर विभागून. १९८८ ला सोलमध्ये चौथा क्रमांक. तिन्ही पदकं सोव्हिएत खेळाडूंनी नेली. पुढे बेल प्रशिक्षक झाले ते न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसला जाऊन नव्हे. आर्कान्सास राज्यातल्या जोन्सबोरो गावात ते शिकले होते, तिथेच त्यांनी केंद्र उभं केलं. मग देशातले अव्वल खेळाडूच त्या गावी येऊ लागले. त्यांचे शिष्य जेफ हार्टविग यांनी २००० साली ६.०३ मीटरचा अमेरिकी विक्रम केला, तो जोन्सबोरोतच. दुसरे शिष्य डेरेक माइल्स यांना २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळालं. गुरूंच्या स्वतःच्या विक्रमापेक्षा हे कितीतरी जास्त टिकलं, असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडे सर आहेत, मुलं आहेत. सामान नाही.

मोठ्या स्पर्धांना ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच मॅट लागते. आम्हाला ५ बाय ५ ची पुरेल. पोलचं गणित वेगळं. किती वजनाच्या खेळाडूसाठी तो आहे हे पोलवरच लिहिलेलं असतं. हलक्या मुलीच्या हातात जड पोल वाकत नाही, आणि वजनदार मुलाने हलका पोल वाकवला तर तो मोडू शकतो. मुलं तर दर वर्षी वाढतात! म्हणून एक-दोन पोल घेऊन भागत नाही, निरनिराळ्या वजनांचे लागतात. कुठल्या कॉलेजच्या जिमखान्यात न वापरलेले फायबरचे पोल पडून असतील तर जरूर कळवा; तडा तपासूनच ते वापरू.

पैसे देणं जमत नसेल त्यांनी मॅटवर शेडसाठी पत्रे द्यावेत. वेल्डिंगवाल्यांनी आडव्या दांडीसाठी दोन्ही बाजूंचे खांब करून द्यावेत, टेम्पोवाल्यांनी एक खेप करावी. घरच्या जुन्या गाद्या मात्र कृपया आणू नका. त्या प्रेमाने दिलेल्या असतील, पण त्यांवर कुणाची मान धोक्यात घालणार नाही.

देणगी रोख, चेकने किंवा यूपीआयने स्वीकारू. संध्याकाळी सरावाच्या वेळी मैदानावरच्या मंडळाच्या खोलीत या, पावती हातोहात मिळेल. जमाखर्च दर महिन्याला बाहेरच्या फळ्यावर लावू.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद