आजींना मृग दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. पुरंदर तालुक्यात जन्मभर शेती केली, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून आमच्याकडे हडपसरला असतात. मृग, आर्द्रा, मघा, हत्तीचा पाऊस हे सगळं त्यांच्या बोलण्यात रोजचंच. गेल्या मे महिन्यात त्यांनी मला विचारलं, “अगं, हा मृग आभाळात असतो तरी कुठं? मृग लागतो तेव्हा मला तो कधीच दिसला नाही.”

मला काही सांगता येईना, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन एका तारांगणात गेले. तिकीट खिडकीवर पहिला प्रश्न आला, “लहान मुलं किती?” एकही नाही म्हटल्यावर खिडकीतल्या माणसाने दोनदा वर पाहिलं. आत अर्धा तास घुमटावर रॉकेट उडाली, कृष्णविवरं फिरली, दूरदूरच्या दीर्घिका आल्या आणि गेल्या. चित्रं सुंदर होती, निवेदन आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. पण पुण्यावरचं आभाळ एकदाही दिसलं नाही. जिना उतरताना आई म्हणाल्या, “मृग राहिलाच की.”

उत्तर मी नंतर शोधलं. साधारण 8 जूनला ‘मृग लागतो’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो. ज्या चांदण्यांत सूर्य बसला आहे त्या त्याच्याबरोबरच उगवणार आणि मावळणार, मग रात्री दिसणार कशा? मृग पाहायचा तर थंडीत. मार्गशीर्षाचं नावच त्यावरून पडलं आहे, त्या महिन्यातल्या पौर्णिमेचा चंद्र मृगाजवळ असतो. दिवेलागणीनंतर पूर्वेला मृगाच्या चार कोपऱ्यांच्या चार चांदण्या, मधे ओळीत तीन आणि त्याच्या मागोमाग लखलखणारा व्याध वर येतो. आईंनी तो शेकडो वेळा पाहिला होता. त्या त्याला ‘तिकांडं’ म्हणतात. जूनचा मृग तो हाच, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

जूनमधला सूर्य मृगात कुठे उभा आहे, हे कुठल्याही दुर्बिणीतून दिसणार नाही. तारांगणात मात्र सूर्याचा उजेड मंद करता येतो आणि भर दिवसाच्या चांदण्या दाखवता येतात. आईंचा प्रश्न तिथे दोन मिनिटांत सुटला असता. घुमट मुळात त्यासाठीच असतो. 1923 साली जर्मनीत झाइस कंपनीच्या यंत्राने पहिल्यांदा तारे घुमटावर उतरवले, ते आकाश समजावं म्हणून. आपल्या पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 सालीच तारांगण सुरू झालं. आता घुमटाचा मोठा पडदा करून त्यावर सिनेमे दाखवायचे, हे मला पटत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. सरकारी आणि महापालिकांच्या तारांगणांनी महिन्यातून एक संध्याकाळ सर्वांसाठी मोफत ठेवावी, आणि ती शुद्ध अष्टमीच्या जवळच्या शनिवारी असावी. अष्टमीचा अर्धा चंद्र सूर्यास्ताला डोक्यावर असतो आणि तेव्हा त्याच्यावरच्या खड्ड्यांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून अगदी सपाट दिसतो. आधी घुमटाखाली त्या रात्रीचं आकाश, मराठीतून, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून, म्हणजे मधेच प्रश्न विचारता येईल. मग आवारात दोन दुर्बिणी. गॅलिलिओने 1610 साली पाहिलेले गुरूचे चार चंद्र लहान दुर्बिणीतूनही दिसतात, रस्त्यावरच्या दिव्यांची त्यांना अडचण होत नाही. शनीला दर शनिवारी तेल वाहणाऱ्यांना त्याचं कडं एकदा प्रत्यक्ष पाहू द्या. आणि पावसाळ्यात तर आभाळ महिनोन्‌महिने झाकलेलंच असतं, तेव्हा हा घुमटच आपलं आकाश.

मोफत कशाला, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या घरात पाच माणसं आहेत. रिक्षा आणि पाच तिकिटं यांचा हिशेब केला की त्या शाळेच्या सहलीबरोबर मुलांना धाडतात आणि स्वतः घरी राहतात. मुलगी घरी येऊन शनीबद्दल भरभरून बोलते, तेव्हा आईने नुसतं ‘हो का?’ म्हणायचं. मोठ्यांनाही कुतूहल असतं, हे आपल्या वेळापत्रकांत कुठेच दिसत नाही. दुपारच्या वेळा कामावर जाणाऱ्यांना जमत नाहीत, तेही आहेच.

माहितगार माणसांची वाण नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून काम करते आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं घेतं. पण माळावर सतरंजीवर रात्र काढणं आईंच्या गुडघ्यांना झेपणारं नाही, अंगावर पिणारं बाळ असलेल्या बाईलाही नाही. तारांगणाच्या कलत्या खुर्चीत मान न अवघडता वर बघता येतं.

मार्गशीर्षात गच्चीवरून मी आईंना तिकांडं दाखवीनच. सूर्यासकटचा मृग मात्र मला गच्चीवरून दाखवता येणार नाही. तो दाखवणारी संध्याकाळ कोणत्याही तारांगणाने जाहीर केली, तर तिची तारीख आपल्या अंकात ठळक छापावी, ही विनंती. आम्ही दोघी येऊ, स्वयंपाकाच्या ताईंनाही घरच्यांसह घेऊन येऊ.

आपली नम्र,
एक वाचक, हडपसर, पुणे