सिसप्रेपवाल्या दादांना, सिडकोतून

दादा,

आमचे कॉम्प्युटर चालू करून दिल्याचे पैसे तर तुम्ही घेतले नाहीतच, वर मिसळीचं बिलही गुपचूप देऊन मोकळे झालात. मग हे चारचौघांत लिहिण्यावाचून इलाज काय?

आमच्या टायपिंग क्लासात 14 कॉम्प्युटर. 6 जुने, लेगसी बायोसवाले (म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होणारे), 5 मधल्या काळातले, 3 नवेकोरे. मी मधल्या एकावर विंडोज, मराठी कीबोर्ड, फॉन्ट, प्रिंटर असं सगळं बसवलं आणि त्याच्या डिस्कची नक्कल बाकीच्यांवर चढवली. त्याची 4 भावंडं चालू झाली, पण नेटवर्कवर सगळ्यांचं नाव एकच! जुने बूटच होईनात. नव्यांवर निळा स्क्रीन, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. परीक्षा आठवड्यावर आलेली.

रविवारी सातपूरहून आलात आणि पहिलाच प्रश्न टाकलात, "सर, सिसप्रेप केलं होतं का?" मी गप्प. सिसप्रेप म्हणजे नक्कल करण्याआधी विंडोज तयार करून ठेवणारं त्याचंच टूल; त्याने जनरलाइज केलं की त्या मशीनची ओळख आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) पुसले जातात, मग विंडोज जिथे जाईल तिथलं हार्डवेअर नव्याने शोधते, हे तेव्हा कळलं. करायला गेलो तर तेही अडलं. तुम्ही सिसप्रेपच्या पँथर फोल्डरमधला लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, उघडलात. स्टोअरवरून आलेलं कुठलंसं फालतू ॲप आडवं आलं होतं. ते काढलं, सिसप्रेप झालं, मशीन बंद झालं. आणि मी सवयीने बटण दाबलं! इमेज, म्हणजे इतरांवर चढवायची विंडोजची नक्कल, घ्यायच्या आधीच तिथे नवा सेटअप सुरू. सगळं पहिल्यापासून. तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत.

नव्या तिघांच्या बायोसमध्ये इंटेलचं व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळायची त्यांची सोय, चालू होतं. इमेजमध्ये त्याचा ड्रायव्हर नाही, म्हणून विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसेना. तो तुम्ही डिझम या विंडोजच्याच टूलने थेट इमेजमध्ये घातलात. अख्ख्या डिस्कची नक्कल करायचा माझा हट्टही मोडलात: फक्त विंडोजचं पार्टिशन विम या इमेजच्या फाइलमध्ये घेतलंत, डिस्कची मांडणी जुन्यांना एमबीआर (जुन्या बायोसला चालणारी), बाकीच्यांना जीपीटी (नवी) केलीत आणि बीसीडीबूट या टूलने प्रत्येकावर बूटच्या फाइली नव्याने बनवल्यात. तेवढ्या एका फाइलवर चौदाही उठले. मी नुसता पेनड्राइव्ह इकडून तिकडे नेत होतो.

विम फाइल दोन ठिकाणी जपून ठेवली आहे. आणि ज्या मशीनवरून ती घेतली, त्याच्या बटणावर मुलांनी चिठ्ठी चिकटवली आहे: 'सर, हात लावू नका.'

तुमचा,
सिडकोतला टायपिंगवाला