एल्बो चकचकीत आहे हे ठीक, पण ग्रेड कोणता?

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी रत्नागिरी जिल्ह्यात लेथ-वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप चालवतो, बावीस वर्षं झाली. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा भाषा सांभाळून घ्या. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, बोटी वर काढल्या जातील, शाकारल्या जातील आणि मग आमच्यासारख्यांच्या दारात रांग लागेल, कोणाचा शाफ्ट, कोणाचा पंखा, कोणाचा स्टफिंग बॉक्स, आणि त्यातच दर वर्षी चार-पाच जण गोणपाटात गुंडाळलेला एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, आणून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, भाऊ, या वेळेला स्टीलचा करून दे, कायमचं मिटवून टाक. त्या "स्टीलचा" या एका शब्दापायीच हे पत्र लिहायला बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉलरचा धूर सरळ वर चिमणीतून कोरडा जातो, त्यांना एल्बोचा त्रास नाही. पण प्रवासी बोटी, केबिनवाल्या फायबर बोटी, यांच्यात गरम पाइप आतून न्यायला जागाच नसते, म्हणून इंजिन थंड करून आलेलं खारं पाणी एक्झॉस्टमध्येच सोडतात, धूर गार होतो आणि पुढे रबरी होजने पाणी-धूर एकत्र मागे बाहेर. हे पाणी जिथे धुरात मिसळतं तो तुकडा म्हणजे एल्बो. एका टोकाला चारशे-पाचशे डिग्रीचा कोरडा धूर, वीतभर पुढे समुद्राचं पाणी, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ असलेलं. तापलेल्या तव्यावर मिठाचं पाणी शिंपडलंत तर पाणी उडून जातं आणि पांढरा थर राहतो ना, तेच इथे रोज चालू असतं, इंजिन बंद केल्यावर तर आणखीच, कारण उरलेलं पाणी गरम भिंतीवर आटतं. एवढं हाल सोसणारा दुसरा पार्ट अख्ख्या बोटीत नसेल, आणि नेमका त्याच्याचकडे कोण बघत नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती न सांगता बाकीच्यांना शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका प्रवासी बोटीचा एल्बो केला. जुनं इम्पोर्टेड इंजिन, ओरिजिनल पार्ट मिळत नव्हता. डबल भिंतीचा होता, म्हणजे आतल्या पाइपातून धूर आणि दोन पाइपांच्या मधून पाणी फिरणारा, आणि मी मूळ डिझाइन तसंच्या तसं कॉपी केलं. तीन इंची पाइप एका दुकानातून आणला, दुकानदार म्हणाला ३१६ आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याला चालणारा स्टेनलेसचा ग्रेड, मी म्हटलं बरं. कागद मागितला नाही. भिंत जेमतेम तीन मिलिमीटर, शेड्यूल १० (शेड्यूल म्हणजे पाइपच्या जाडीचा नंबर, मोठा तशी भिंत जाड). वेल्डिंगचे रॉड दुकानात ३०८ ग्रेडचे पडलेले होते तेच वापरले. वरून बफ मारून असा चकचकीत केला की मालकाने हातात धरून फोटो काढला. पहिला सीझन मस्त गेला. दुसऱ्या सीझनला एका सकाळी स्टार्टर मारला तर नुसतं टक्, इंजिन हलेना. बॅटरी बदलून झाली, स्टार्टर उतरवून झाला, शेवटी इंजेक्टर काढून पुलीला पाना लावून हाताने फिरवलं तर दोन सिलेंडरमधून खाऱ्या पाण्याची पिचकारी थेट छताला. एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला.

एल्बो आणून ग्राइंडरने उभा कापला. बाहेरून आरसा, काही म्हणजे काही नाही. आतल्या पाइपला मात्र वेल्डच्या कडेने केसासारखी चीर, दीड इंच लांब, तिला बारीक फांद्या फुटलेल्या, आणि आजूबाजूला सुईने टोचल्यासारखी भोकं. बोट बंद असताना त्या चिरेतून पाणी रात्रभर थेंब थेंब आत आलं आणि उतार इंजिनाकडे, मग जाणार कुठे. तुकडा कोल्हापूरला एका फाउंड्रीवाल्या मित्राकडे पाठवून स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय काय आहे त्याची तपासणी, करून घेतली. ३१६ मध्ये जो मॉलिब्डेनम धातू असायला हवा तो जवळपास शून्य. म्हणजे साधं ३०४ होतं. अर्धं बिल मी भरलं, मालक अजून बोलतो माझ्याशी हे त्याचे उपकार.

तर मुद्दा असा की स्टेनलेस म्हटलं की एकच धातू असतो असं आपण धरून चालतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, वाटी-तांब्याला, किचनच्या सिंकला झकास. ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात जी सुईची भोकं पडतात त्यांना तेच अडवतं. शेवटी एल असलेला ३१६ एल म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. वेल्डिंग करायचं तर एलच पाहिजे, नाहीतर वेल्डच्या शेजारी ज्या पट्ट्यात ४५० ते ८५० डिग्री तापमान रेंगाळतं तिथे क्रोमियम कार्बनशी जाऊन चिकटतं आणि नेमका तोच पट्टा गंजायला मोकळा होतो. माझी चीर वेल्डच्या कडेलाच का गेली ते कळलं ना. आणि बाजारात २०२ नावाचा तिसराही फिरतो, रेलिंगवाल्यांकडे भरपूर, निकेल कमी करून मँगनीज घातलेला, दिसायला सख्खा भाऊ.

इथे एक गैरसमज काढायचाय. बंदरावर जो तो खिशात चुंबक घेऊन फिरतो, चिकटला नाही की म्हणतो प्युअर ३१६. अरे बाबा, ३०४ ला पण चिकटत नाही, २०२ ला पण नाही. उलट ३०४ चा पाइप थंडा वाकवला तर त्या बाकाला थोडा चिकटतो, मग चांगला माल परत केला जातो. चुंबकाने या तिघांतलं काही कळत नाही, कळलं तर एवढंच की तुम्हाला साधं लोखंड पॉलिश करून दिलेलं नाही. मॉलिब्डेनम तपासायचं लिक्विड मिळतं, छोटी बाटली, साफ घासलेल्या जागी एक थेंब टाकायचा, ९ व्होल्टची बॅटरी काही सेकंद लावायची आणि रंग चार्टशी जुळवायचा. माझ्याकडे आता दोन बाटल्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर टेस्ट करतो, दोन मिनिटांचं काम आहे. पाइप घेताना बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि हीट नंबरवालं (धातूच्या ओतणीचा नंबर असलेलं) कारखान्याचं मिल सर्टिफिकेट मागा. मुंबईत खेतवाडी-गुलालवाडीकडे नीट दुकानं आहेत, मागितलं तर देतात, आपण मागतच नाही.

पण ३१६ एल लावला म्हणजे कायमचं मिटलं, हे पण मी आता कोणाला सांगत नाही. साठ डिग्रीच्या वर, मीठ आणि धातूत ताण असला की ३१६ ला सुद्धा चिरा जातात, फक्त ३०४ पेक्षा उशिरा. म्हणून आधी आकार बघा मग धातू. डबल भिंत मी सोडूनच दिली, कारण आतली भिंत कुजली तर बाहेरून दिसत नाही. कोरडा भाग कोरडाच ठेवायचा, पाइप इंजिनवरून आधी वर चढवायचा, मग वळवून खाली आणायचा आणि पाणी खाली उतरणाऱ्या बाजूलाच सोडायचं, मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलेंडरचा धूर जिथे एकत्र येतो त्या भागाच्या) चांगलं चार इंच तरी खाली, म्हणजे कुठेही फुटलं तरी पाणी होजकडे पळेल, सिलेंडरकडे नाही. इंजिन पाण्याच्या पातळीच्या खाली बसलं असेल तर अँटी-सायफनचा लूप, म्हणजे समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये म्हणून वरून फिरवलेला पाइप, पाहिजेच. पाणी एका भोकातून पिचकारीसारखं न सोडता गोल रिंगने सगळीकडून सोडायचं, नाहीतर एक बाजू गार आणि दुसऱ्या बाजूला रबरी होज भाजते. आणि अख्ख्या एल्बोचं वजन टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनाला हवा देणाऱ्या पार्टच्या) तोंडावर लटकवू नका, सपोर्ट इंजिनलाच द्या, बोटीच्या बॉडीला नाही, दोघांची थरथर वेगळी असते.

धातूचं विचाराल तर माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने चकचकीत ३०४ च्या नादी न लागता साधा काळा सीमलेस (बिनजोडाचा) लोखंडी पाइप घ्यावा, शेड्यूल ८०, तीन इंचीला भिंत साडेसात मिलिमीटरच्या वर येते. गंजेल, पण सगळीकडून सारखा गंजेल, डोळ्याला दिसेल, हातोडीच्या आवाजाला कळेल, आणि दर दुसऱ्या पावसाळ्यात बदलला तरी खिशाला परवडतो. स्टेनलेस आतल्या आत दगा देतं. कंपनीचे बिडाचे एल्बो वाईट नसतात, पण बिडाची एक खोड आहे, त्यातलं लोखंड विरघळून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा तसाच उभा राहतो, आकार शाबूत, आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पेन्सिलीच्या शिसासारखा आत जातो. यंदा उतरवलात तर टोचून बघा. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप अजिबात नको, जस्त ४१९ डिग्रीला वितळतं आणि वेल्डिंग करताना तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, हे मी भोगलंय. अल्युमिनियम नको. पितळेचे निपल नकोत, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबी भुसभुशीत तांबं उरतं. पाण्याच्या बाजूला गनमेटल (तांब्या-कथलाचा मिश्रधातू) उत्तम, पण त्याला टर्बोच्या तोंडाशी नेऊ नका. पैसा आहे आणि बोट रोज आठ-दहा तास चालते, तर पाणी मिसळतं तेवढा तुकडा इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूचा करा. ८ ते १० टक्के मॉलिब्डेनम, निकेल अर्ध्याहून जास्त, भाव ऐकून खुर्चीत बसावं लागतं, पण तुकडा वीतभरच लागतो.

३१६ एल करायचाच तर शेड्यूल ४० घ्या, तीन इंचीला साडेपाच मिलिमीटर. रॉड ३१६ एल, जमलं तर टिग (आर्गन वायूच्या आडोशाने करायचं वेल्डिंग) आणि पाइपच्या आतूनही आर्गन सोडून, म्हणजे आतल्या बाजूला तापलेल्या धातूला हवा लागत नाही. वेल्डवर जो निळा-जांभळा रंग येतो तो कित्येकांना शोभेचा वाटतो, तो पिकलिंग पेस्टने (ॲसिडच्या लेपाने) काढायचा असतो, कारण त्याच्याखालचा थर अशक्त झालेला असतो. लोखंडाला वापरलेला तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू नका. आणि गरम भागावर गुंडाळलेलं ग्लासवूल खाऱ्या पाण्याने भिजलं तर फेकून नवीन लावा, वाळवून परत नको, मीठ त्यातच राहतं.

काही जण म्हणतात डिझेलमधल्या गंधकाचं ॲसिड होतं, ते खातं. पूर्वी होतं तसं, पण १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, गंधक दहा लाखात दहा भाग, आधी पन्नास होतं. आता मुख्य खाणारं मीठच. म्हणून संध्याकाळी बोट लावल्यावर पाच मिनिटं गोड्या पाण्याने फ्लश करणाऱ्याचा एल्बो नक्कीच जास्त टिकतो, फुकटातला उपाय आहे पण कंटाळा.

तुमच्या पेपरमार्फत एक विनंती. प्रत्येक मच्छीमार सोसायटीने आणि प्रवासी बोटवाल्यांच्या संघटनेने ती मॉलिब्डेनमची एक-एक बाटली घेऊन ऑफिसात ठेवावी, डिझेलच्या पंपाशेजारी ठेवली तरी चालेल, कोणीही पाइप घेऊन यावं आणि पैसे द्यायच्या आधी थेंब टाकून बघावा. एका वाकलेल्या रॉडच्या खर्चात जिल्हाभर बाटल्या येतील. आणि आयटीआयच्या वेल्डिंगवाल्या पोरांना आतून आर्गन कसा सोडायचा हे एक दिवस तरी दाखवा, माझ्याकडे दर वर्षी कोणी ना कोणी पोरगा येतो, हात चांगला असतो, पण हे कोणालाच माहीत नसतं.

तो कापलेला एल्बो मी फेकलेला नाही, दारातच खिळ्याला टांगलाय, बाहेरची बाजू अजून आरशासारखी आहे. बंदीच्या दिवसांत दुकान सकाळी नऊपासून उघडं असतं.

आपला,
एक वर्कशॉपवाला, रत्नागिरी