तुझ्या तक्त्यातली टिंबं

घंटाळी, ठाणे
रविवार, रात्र

प्रिय बयो,

गणपतीत तुझा फोन येऊन गेला, मी "रात्री करते" म्हणाले, आणि त्या रात्रीला आता तीन महिने झाले. रागावली असशील तर तुझा राग रास्त आहे. मी बरी आहे, ह्यांचं बीपी गोळीवर ताब्यात आहे, गुडघा आहे तसाच. तब्येतीचं एवढंच.

लिहायला बसले ती मंगळवारच्या फोनमुळे. घरी सांगितलं तर म्हणतील, एक पान गेलं, त्यात काय एवढं. आणि ऑफिसात तुझ्या वेळचे आता मोठे साहेब, स्टोअरचे अण्णा आणि मी, तिघंच उरलोय. म्हणून तुला.

मंगळवारी सव्वादहाला लोट्याच्या फिटर मामांचा फोन. तोच आवाज, मागे तीच पंपांची घरघर. नमस्कार वगैरे काही नाही. "ताई, तुमचं ते तक्त्याचं पान कुठं गेलं? इथं सील फुटलंय, पंप बंद करून शाफ्ट मोजून उभाय मी." मी इथे कंपनीच्या नव्या साइटवर उघडून बघते तर पांढऱ्या पडद्यावर मोठ्या राखाडी आकड्यांत ४०४, म्हणजे असं पानच नाही. बाकी काही नाही. तुझा तक्ता होता गं तो, पंपाच्या कुठल्या शाफ्टला गळती थांबवणारं आपलं कुठलं सील बसतं ते सांगणारा. सहाशे बारा ओळींचा.

माझ्या खणात तू काढलेली छापील प्रत अजून आहे, पहिल्या पानावर तुझ्या डब्यातल्या भाजीचा पिवळा डाग असलेली. तीवरून मामांना नंबर सांगितला. ३८ चा शाफ्ट, सिलिकॉन कार्बाइडच्या फेस, व्हायटॉनची ओ-रिंग. माल स्टोअरमध्ये होता, अण्णांनी संध्याकाळच्या गाडीला घातला. पण फोन ठेवताना मामा जे म्हणाले ते आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. "मी ते पान मोबाइलच्या पहिल्याच पडद्यावर ठेवलं होतं. रात्रपाळीला कुणाला विचारावं लागत नव्हतं."

वागळे इस्टेटचा तो गाळा आठव. २००९ चा पावसाळा, पत्र्यातून गळणारं पाणी, कॉम्प्युटरवर टाकलेलं प्लास्टिक आणि नोटपॅडमध्ये एकेक ओळ हाताने लिहिणारी तू. अण्णा रजिस्टरमधून वाचून दाखवायचे, तू टाइप करायचीस, मी तपासायची. पहिल्यांदा मराठी ओळी तू कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये घातल्या होत्यास. आपल्याकडे मोत्यासारख्या दिसल्या, आणि तारापूरच्या गिऱ्हाइकाकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन पोचल्या. त्याने फोन करून विचारलं होतं, "हा नवीन पार्ट नंबर आहे का?" आपण दोघी टेबलाखाली डोकं घालून हसलो होतो, साहेब समोर बसलेले. मग तू दोन रात्री जागून सगळं युनिकोडमध्ये परत टाइप केलंस.

आणि ते फ्लॅशमधलं फिरणारं सील! साहेबांचा हट्ट. साइट उघडली की आधी वीस सेकंद सील गरगर फिरायचं. तू म्हणालीस, "सील फिरतंय हे फिटरला माहीत आहे, तो तेच थांबवायला आलाय." साहेब दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. २०२० च्या डिसेंबरअखेर अडोबीने फ्लॅशच बंद केलं. त्या दिवशी तुला फोन करायला हवा होता.

आता नव्या साइटबद्दल. ती करायलाच हवी होती, हे मी आजही म्हणेन. अठरा माणसांचे आपण एकशे चाळीस झालो, रबाळ्याला ऑफिस, महापेला दुसरी शेड, माल बाहेरच्या देशांत जातो, आणि साइटवर अजून वागळे इस्टेटचा नकाशा. मोबाइलवर दोन बोटांनी ताणल्याशिवाय एक ओळ वाचता येत नव्हती. वर पत्त्यापुढे ते सुरक्षिततेचं कुलूप (https) नव्हतं, त्यामुळे जुलै २०१८ पासून क्रोम आपल्या नावापुढे "सुरक्षित नाही" असं लिहीत होता. बाहेरचा खरेदीवाला ते बघून काय समजणार? नव्या साइटवर सर्टिफिकेटं एका जागी आहेत, ड्रॉइंगं उतरवून घेता येतात, कामगारांचे फोटो इतके छान काढलेत की अण्णांनी स्वतःचा घरी फ्रेम करून लावलाय. साइट करणाऱ्या एजन्सीची मुलं कष्टाळू आहेत.

पण सहा महिन्यांत एकाही मीटिंगला कुणी विचारलं नाही की आपल्याकडे येतं कोण आणि कशासाठी. पहिल्या दिवसापासून "ब्रँडची गोष्ट". धाकट्या साहेबांना उघडल्या उघडल्या व्हिडिओ हवा होता, महापेच्या शेडवरून ड्रोन फिरतोय असा. मी जुन्या साइटचे आकडे काढून नेले होते. सगळ्यात जास्त लोक मुखपृष्ठावर नव्हे, थेट तुझ्या तक्त्यावर उतरत होते, तेही मोबाइलवरून, आणि रात्री. धाकटे साहेब म्हणाले, "ते जुने लोक आहेत, त्यांना सवय होईल." मी गप्प बसले. बयो, ती गप्प बसण्याची सवय तुला ठाऊक आहे.

सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसून मोबाइलवर बघितली. (आता मध्ये दिघा गाव स्टेशन झालंय, २०२४ च्या जानेवारीत. तू असताना नव्हतं.) ऐरोली सुटल्यावर पान उघडायला घेतलं, रबाळे आलं तरी तो गोल फिरतच होता. गूगलच्या मापाने पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवी. मी फलाटावर उतरून, कडेला उभी राहून, ड्रोनची वाट बघत होते. माझ्या हातात निदान तेल नव्हतं. मामांच्या हातात असतं, आणि मागे पंप गळत असतो.

अक्षरांचंही तेच. फिकट राखाडी, पांढऱ्यावर. अक्षर आणि पाठीमागचा रंग यांत निदान साडेचारास एक इतका फरक हवा असा नियम आहे, मी मोजून बघितला, बसत नाही. शॉपफ्लोअरच्या उजेडात तर काहीच दिसणार नाही. मराठी पानं त्यांनी आधी काढूनच टाकली होती. भांडून परत घालून घेतली तर ओळींमधलं अंतर इंग्रजीला बेतलेलं, "निवडा"ची वेलांटी वरून कापलेली आणि "चौकशी करू"चा उकार खालून. मी एजन्सीच्या मुलीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि मुक्ता फॉन्ट लावून घेतला, आपल्या मुंबईच्याच "एक टाइप" नावाच्या मंडळींनी केलेला, फुकट मिळतो. ओळी सुट्या केल्या. आता वेलांटी पुरी दिसते. तेवढं एक मनासारखं झालं.

साइट चालू केली शुक्रवारी संध्याकाळी, पेढे वाटून. शनिवार-रविवार एजन्सी बंद. सोमवारी एकही चौकशी नाही. धाकटे साहेब म्हणाले लोक बघतायत. मंगळवारी मामांचा फोन आला आणि मग मी उठले. एजन्सीच्या मुलाला समोर बसवलं आणि एकेक जुना पत्ता त्याच्या देखत टाकत गेले. ४०४, ४०४, ४०४. जुन्या पानाचा पत्ता बदलला तर तिथे पाटी लावायची असते, मुक्काम कायमचा हलवला, ह्या पत्त्यावर या. तिला ते लोक तीनशे एक म्हणतात. ती एकाही पानाला नव्हती. गिऱ्हाइकांनी जपून ठेवलेले, कोटेशनमध्ये छापलेले, व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवलेले आपले सगळे पत्ते एका संध्याकाळीत मेले.

आणि दुसरी गोष्ट ऐक. साइट तयार होत असताना गूगलने ती नोंदवू नये म्हणून पानापानात एक ओळ घालतात, नोइंडेक्स. ती काढायचीच राहिली. म्हणजे जुनी पानं गेलेली आणि नव्या पानांवर आपणच लिहून ठेवलेलं की आम्हाला कुठे दाखवू नका. मला तिथेच रडू आलं. त्या मुलाने पाण्याची बाटली पुढे केली. लहान आहे गं, चोवीसचा असेल. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी विचारलं नाही.

ओळ काढली. पाट्या लावायचं काम तीन दिवस चाललंय, मी जुन्या साइटच्या यादीवर एकेक खूण करतेय. त्या निदान वर्षभर ठेवा असं गूगलच सांगतं. मी लेखी घेतलंय की कायमच्या ठेवायच्या. लोक हळूहळू परत येतील. पण तुझ्या तक्त्याची पाटी कुठे लावायची? नव्या साइटवर तक्ताच नाही. "उत्पादने" म्हणून बारा फोटो आहेत आणि प्रत्येकाखाली "आमच्याशी बोला".

आता ते बोलते जे दहा वर्षं बोलले नाही. एप्रिल २०१५. गूगल मोबाइलवर नीट न दिसणाऱ्या साइटींना मोबाइलच्या शोधात मागे टाकणार, २१ तारीख ठरली होती. तू महिनाभर आधी साहेबांकडे गेलीस, दोन महिने द्या, तक्ता मोबाइलसाठी नव्याने करते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, "फिटर लोक फोन करतात, साइट कोण बघतंय मोबाइलवर." तुझ्या तोंडावर. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि सहा महिन्यांत प्रत्येक फिटरच्या हातात इंटरनेट. तोवर तू राजीनामा देऊन सांगलीला गेली होतीस. सासऱ्यांच्या आजारपणामुळे गेलीस असं तू सगळ्यांना सांगितलंस. मामलेदारची मिसळ खाताना शेवटच्या दिवशी मी तिखटाने डोळे पुसतेय असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. तू बरोबर होतीस आणि मला तेव्हाच कळलं होतं.

उद्या अकराला मीटिंग आहे, मोठे साहेबही येणार. मी गप्प बसणार नाही. व्हिडिओ काढा म्हणणार नाही, "आमच्याबद्दल"मध्ये घाला, बाहेरच्या खरेदीवाल्याला शेड बघायची असते, त्याला दाखवा. पण उघडल्या उघडल्या एक चौकट हवी, शाफ्टचं माप टाका. त्याखाली तक्ता, जुन्याच पत्त्यावर, काळ्या अक्षरांत, एकही फोटो नाही. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. एजन्सीच्या त्या मुलाने शनिवारी घरी बसून नमुना करून पाठवलाय, कुणी न सांगता. मी ह्यांच्या जुन्या फोनवर, गाडीत, ऐरोलीनंतर उघडला. डबा हलायच्या आत आला.

तुझं काय? छकुलीची बारावी ना यंदा, तिला सांग मावशी आठवण काढते. आईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नव्या घराचे फोटो मी बघितले होते, ओटा मोठा केलास ते फार बरं केलंस. सविस्तर पुढच्या खेपेला.

आता कामाचं, ज्यासाठी हे पत्र कुरियरने पाठवतेय. तक्ता नव्याने भरताना आम्ही एका जागी अडलोय. काही ओळींपुढे, मापाच्या आकड्याला चिकटून, तू एक बारीक टिंब दिलंयस. एकूण सत्त्याऐंशी ओळी. अण्णांना आठवत नाही. मला वाटलं इंचाचा घोळ असेल, कारण २५, ३२, ३८ पुढे टिंबं आहेत, आणि जुन्या पंपांचा एक इंची शाफ्ट २५.४ भरतो, सव्वा इंची ३१.७५, दीड इंची ३८.१. फिटर घाईत मिलिमीटरचं सील मागवतो आणि ते बसत नाही. तसं असेल तर तुझं टिंब म्हणजे "पाठवण्याआधी फोन करून विचार". पण ५३ पुढेही टिंब आहे, आणि तिथे हा हिशेब लागत नाही. मामांना विचारलं. ते म्हणाले, "टिंब असलं की ताई स्वतः फोन करायच्या, एवढं मला माहीत."

तू गेल्यापासून तो फोन कुणी केलेला नाही, बयो.

सोबत तक्त्याची झेरॉक्स ठेवलीय, डागासकट. सत्त्याऐंशी ओळींना मी पेन्सिलने आकडे घातलेत. प्रत्येकापुढे एका शब्दात कारण लिही आणि याच पाकिटातून परत पाठव, वर पत्ता लिहून ठेवलाय. ५३ चं मात्र आधी फोनवर सांग. उद्या अकराच्या आत कुरियर पोचणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून तेवढ्या एकासाठी सकाळी नऊला मीच फोन करते. उचल.

तुझी
ठाणेकरीण