कवटी दिसली म्हणून भूत नव्हे

मा. संपादक,

स.न.वि.वि. गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही रंगीत काचांच्या कवटीचा फोटो छापलात, फोटो मस्तच होता, पण खाली लिहिलंत 'मेक्सिकोचं हॅलोविन', आणि माझं डोकंच फिरलं. अहो त्या सणाला दिया दे मुएर्तोस, म्हणजे मृतांचा दिवस, म्हणतात, १ आणि २ नोव्हेंबरला असतो, पहिला दिवस गेलेल्या लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा, आणि त्यात भुतंबितं कुणी येत नाहीत, घरचीच माणसं येतात. २००८ पासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे तो.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. मुलगी-जावई नोकरीमुळे मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला असतात, आमचे हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे तीन महिने होते. दिवसभर फ्लॅटमध्ये बसून करणार काय, म्हणून मुलीने मला काचेच्या मोझेकच्या क्लासला घातलं, म्हणे भाषा येत नसली तरी हात तर चालतात ना. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी एकच विचारलं, मुलीने फोनवरून मराठीत सांगितलं, की तुमच्या माणसाला काय आवडायचं? मला पटकन काही सुचेचना, मग म्हटलं चहा, रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री आणि चष्मा. म्हणजे चष्मा आवडायचा असं नाही हो, रोज हरवायचा आणि रोज घरभर शोधायचे. बाई खूप हसल्या, म्हणाल्या मग कवटीला चष्मा घालू या.

थर्माकोलची कवटी, वर जाळी आणि सिमेंटचा हात, आणि त्यावर काच. काच म्हणजे आपल्याकडे स्विमिंग पूलला लावतात तसल्या दोन सेंटिमीटरच्या टाइल्स, त्या दोन चाकांच्या पकडीने कुटकुट कापत बसायचं. (आणि कृपा करून कुणी 'तुटलेल्या काचांमधून आयुष्य जोडलं' वगैरे लिहू नका, चांगल्या नव्या कोऱ्या टाइल्स विकत आणून मुद्दाम कापतात, सोबत बोटंही.) डोळ्यांच्या खोबणींभोवती झेंडूच्या पाकळ्या, वर काळ्या काचेची चष्म्याची फ्रेम. साखरेच्या कवट्यांवर तिथे कपाळाला नाव घालतात म्हणून मी पण यांचं नाव घातलं, देवनागरीत, आणि एक वेलांटी वळवायला मला दोन दिवस लागले. शेवटी फटी भरायला मी पांढरं ग्राउट घेतलं तर बाईंनी हातच धरला. काळं भरा म्हणाल्या, काळ्यात रंग उठून दिसतो. खरंच दिसतो.

आता काचेची कवटी ही काही फार जुनी रीत नाही हेही सांगते, जुन्या त्या साखरेच्या आणि मातीच्या. पण कवटीवर मोझेक मात्र तिथे स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये एक आहे, खऱ्या माणसाच्या कवटीवर फिरोजा आणि लिग्नाइट नावाच्या काळ्या कोळशाचे आडवे पट्टे, डोळ्यांत पायराइट या चकाकत्या खनिजाच्या चकत्या, तेझ्कात्लिपोका या तिथल्या जुन्या अॅझ्टेक देवाची मानतात, फोटोतसुद्धा नजर हटत नाही. आणि काचेचं मोठं काम बघायचं तर मेक्सिको सिटीत दिएगो रिव्हेरा या तिथल्या चित्रकाराने १९५३ मध्ये एका थिएटरची अख्खी दर्शनी भिंत काचेच्या मोझेकने मढवली आहे. टोपीवाली सांगाड्याची बाई जिकडेतिकडे दिसते ना, कात्रिना, ती मूळची पोसादा नावाच्या चित्रकाराची. युरोपियन बनायला निघालेल्या आपल्याच लोकांची त्याने केलेली टिंगल आहे ती, तिला अंगभर पोशाख घातला तो रिव्हेराने १९४७ च्या भित्तिचित्रात.

बरं, आपल्याला हे इतकं परकं का वाटावं? पितृपक्षात आपणही गेलेल्याच्या आवडीचं पानात वाढतोच की, नि कावळा शिवेना तर कुणाला काय वचन द्यायचं राहिलं ते आठवत बसतो. तिथे कावळ्याची वाट बघत नाहीत, झेंडूच्या वासावर आणि रंगावर माणूस घरी येतो म्हणतात. गेलेल्यासाठी घरात मांडतात ती ओफ्रेंदा, तिच्यात फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, गोड पाव, धूप. मी त्यात चहाचा कप ठेवला, जावयाने मोबाईलवर जुनी कॉमेंट्री लावली. आणि झेंडू तर मुळात त्यांचाच, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला, दसऱ्याच्या तोरणात इतका मुरला की तो बाहेरचा आहे हे सांगितलं तर लोक भांडतात.

कवटी मी कपड्यांत गुंडाळून हँडबॅगेतून आणली, सिक्युरिटीवाल्याने तीनदा उलटीपालटी केली. यंदा आमच्या कॉलनीच्या हस्तकला प्रदर्शनात ठेवायला नेली तर संयोजक म्हणाले, काकू, काम सुंदर आहे हो, पण अशुभ दिसतं, मुलं घाबरतील. तिथे उभी असलेली पाच-सहा वर्षांची पोरगी विचारत होती की आजी, ह्याने चष्मा का घातलाय. तिला उत्तर द्यायच्या आत कवटी परत माझ्या पिशवीत.

म्हणून संपादकसाहेब, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा असा फोटो छापणार असाल तर खाली सणाचं नाव नीट लिहा आणि जमलं तर कपाळावर कोणाचं नाव आहे तेही वाचून बघा. माझ्या कवटीचा फोटो सोबत जोडला आहे. चष्म्याची डावी काडी जरा वाकडी बसलीय, ती तशीच ठेवली, यांचीही वाकडीच असायची.

आपली एक वाचक,
सांगली