ब्लॅक शीप म्हणजे वाया गेलेली पोरं नव्हेत

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत जुन्या युद्धमालिकांवर लेख आलाय, त्यात 'बा बा ब्लॅक शीप' या अमेरिकी मालिकेबद्दल लिहिलंय की कोर्ट मार्शलच्या दारात उभे असलेले उनाड पायलट गोळा करून अमेरिकी मरीन कोअरच्या मेजर बॉयिंग्टनने लढाऊ विमानांची स्क्वाड्रन उभी केली आणि ही म्हणे खरी गोष्ट. अहो, ती मालिकेतली गोष्ट आहे! मालिका मलाही आवडते, १९७६ ते ७८ मध्ये एनबीसीवर लागायची, रॉबर्ट कॉनरॅडने धमाल केलीये, पण म्हणून ते खरं होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये साउथ पॅसिफिकमध्ये मरीन कोअरचे बरेच पायलट नुसते बदलीच्या यादीत पडून होते, कुठल्याच स्क्वाड्रनमध्ये नाहीत, त्यातले काही तर आधी लढून आलेले. त्यांना एकत्र करून व्हीएमएफ-२१४ हा नंबर मिळाला. आपल्याला कोणी वाली नाही म्हणून त्यांनी थट्टेत स्वतःला 'बॉयिंग्टन्स बास्टर्ड्स' म्हणायचं ठरवलं, पण असलं नाव पेपरात छापून येणार नाही म्हणून ते बदलून ब्लॅक शीप झालं. म्हणजे नाव पडलं ते पोरकेपणावरून, उनाडपणाचा काही संबंध नाही, आणि ते बदललं तेही पेपरवाल्यांमुळेच!

उनाड होता तो खुद्द बॉयिंग्टन. दारू, भांडणं, सगळं होतं, आणि जेमतेम तिशीत 'पॅपी' (म्हणजे बाबा) झाला कारण बाकीचे त्याच्याहून लहान. मालिकेचा सल्लागारही तोच, त्यामुळे स्क्वाड्रनमधल्या काही जुन्या लोकांना हे चित्रण जास्तच झोंबलं असणार.

बाकी स्क्वाड्रनची कॉर्सेअर लढाऊ विमानं मात्र मालिकेत खरी वापरलीयेत, ते वाकडे पंख आणि लांबलचक नाक, जमिनीवर चालवताना पुढचं काही दिसत नाही म्हणून नागमोडी न्यावं लागायचं. जपानी झिरो म्हणून दाखवलेली विमानं म्हणजे रंगवलेली टेक्सन ट्रेनर, अमेरिकेची प्रशिक्षणाची विमानं. ते चालतं हो, खरी झिरो आणणार कुठून. दुसऱ्या सीझनला नर्सेस आणून बसवल्या ते मात्र अति झालं.

३ जानेवारी १९४४ ला रबौल या जपानी तळाजवळ बॉयिंग्टनचं विमान पडलं, पुढचे वीस महिने जपान्यांच्या कैदेत, इकडे सगळे मेला समजून बसलेले. मालिका तिथवर पोचायच्या आधीच बंद पडली.

दोन ओळींचा खुलासा छापलात तर बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक