प्लेट-स्क्रूच्या तयारीबद्दल सुहासला

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. चेहऱ्याच्या आणि कवटीच्या शस्त्रक्रिया तुमच्याकडे सुरू होतायत आणि सीएसएसडी (हॉस्पिटलचा निर्जंतुकीकरण विभाग) तुझ्या हाती आलंय, हे वाचून फार आनंद झाला. 'ऑटोक्लेव्ह नवा आहे, मग कसली काळजी?' असं तू लिहिलंस. काळजी आहे रे. ऑटोक्लेव्हची दाबाखालची वाफ जंतू मारते, घाण काढत नाही. वाळलेल्या रक्ताच्या थराखाली ती नीट पोहोचत नाही आणि जंतूंचं एंडोटॉक्सिन (मेलेल्या जंतूंतून मागे उरणारं विष) वाफेनं जात नाही.

म्हणून हाडं जोडायच्या प्लेट-स्क्रूंचं आधी धुणं. साधारण न्यूट्रल पीएचचं डिटर्जंट, मऊ ब्रश, मग अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी घाण सुटी करणारा टब), शेवटी डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यानं विसळणं. तारेची घासणी आणि ब्लीच जवळपासही नको. टायटॅनियम आणि स्टील एकाच टबात टाकू नकोस.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लावतो तो स्क्रूचा रॅक. दीड-दोन मिलिमीटर जाडीचे स्क्रू, त्यांच्या डोक्यावर इवलीशी खाच. रक्त लागलेला स्क्रूड्रायव्हर एकाला टेकतो, तो बसत नाही, आणि गडबडीत परत रॅकमध्ये जातो. पुढच्या रुग्णापर्यंत तो रॅक कितीदा धुतला-तापवला जाईल, कोण जाणे. भिंगाखाली खाच न् खाच बघ. रुग्णाचं रक्त लागलेला स्क्रू वा प्लेट, वापरली नसली तरी, टाकूनच द्यायची. 'घातलीच नव्हती, महाग आहे' असं सर्जन म्हणतील. तू ठाम राहा.

तापमान-वेळ कंपनीच्या पत्रकाप्रमाणेच. प्री-व्हॅक्युमला (वाफेआधी हवा खेचून घेणाऱ्या ऑटोक्लेव्हला) 132 अंशांवर 4 मिनिटं किंवा 134 वर 3 मिनिटं असं बरेचदा असतं, पण वाळवण्याची वेळ वेगळी धरायची. ओला पॅक निघाला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. इम्प्लांटच्या (शरीरात राहणाऱ्या प्लेट-स्क्रूंच्या) प्रत्येक लोडमध्ये बायोलॉजिकल इंडिकेटर, म्हणजे जंतू खरंच मेले का हे दाखवणारी चाचणी, ठेव आणि निकाल येईपर्यंत लोड सोडू नकोस.

इथंच खरी ओढाताण होते. सीटीवरून बनवलेली कवटीची प्लेट आदल्या संध्याकाळी येते, सकाळी पहिली केस, आणि कुणीतरी म्हणतं, फ्लॅश करून द्या, म्हणजे घाईघाईनं झटपट वाफ देऊन द्या. इम्प्लांटला फ्लॅश नाही म्हणजे नाही! कवटीतला संसर्ग म्हणजे प्लेट काढणं, पुन्हा भूल, पुन्हा तेच डोकं उघडणं. प्लेट किती आधी पोहोचायला हवी, हे आत्ताच सर्जनांकडून लेखी ठरवून घे.

पहिला लोड लावण्याआधी सगळी पत्रकं मला पाठव. रविवारी फोनवर एकेक ओळ वाचू.

तुझी,
मीनल